वैनींचं काळीज आणि माझं

हृदयात स्प्रिंग बसवून मला अतिदक्षता विभागात आणून झोपवलं, तेव्हा माझ्या मनात पहिला विचार काय आला हे मी बरेच दिवस कुणाला सांगितलं नव्हतं. देवाचे आभार, मुलाची काळजी, असलं काही नाही. माझ्या मनात आलं, हे शेवंतीवैनींना का नाही झालं?

शेवंतीवैनी म्हणजे माझ्या मोठ्या जाऊबाई. वय अडुसष्ट, माझ्याहून चांगल्या दहा वर्षांनी मोठ्या. लांज्याच्या पुढे आमच्या गावी एकट्या राहतात. भाऊजी जाऊन सहा वर्षं झाली, मुलं मुंबईला. चहात तीन चमचे साखर, आमटीत खोबऱ्याचं सढळ वाटण, पावसाळ्यात रोज सुकट, आणि फणस लागला की जेवणाऐवजी गरे. कसली तपासणी नाही की गोळी नाही.

आणि मी? तेहतीस वर्षं रत्नागिरीत सरकारी कचेरीत नोकरी केली. तेल मोजून, साखर बंद, सकाळी ओट्स. रोज मांडवीच्या जेटीपर्यंत फेरी. आता खरं सांगायचं ठरवलंच आहे तर सांगते, ती फेरी म्हणजे मैत्रिणींबरोबर रमतगमत गप्पा असत. रक्तदाबाची गोळी मी आठवड्यातून दोनदा तरी विसरायची. माझे वडीलही हृदयविकारानेच गेले होते. पण हा हिशोब तेव्हा कोण मांडतो? माझ्या डोळ्यांपुढे फक्त वैनींची ती फणसाची पाटी होती.

हे लिहिते आहे ते कुणाला उपयोग व्हावा म्हणून. आजारात माणूस शहाणं होतं असं म्हणतात. मी मात्र आधी चांगलीच वाईट झाले.

आगळ

मे महिना होता. सकाळी साडेसातला छातीत जळजळ सुरू झाली. मग जबडा दुखायला लागला, डावा खांदा भरून आला. आदल्या दिवशी एका मुंजीत जेवले होते, तेव्हा पित्त हे मी ठरवूनच टाकलं. आपल्याकडे छातीपासून डोक्यापर्यंत काहीही झालं तरी ते पित्तच असतं, आणि पित्तावर कोकमाचं आगळ. पेलाभर पाण्यात आगळ, जिरं, मीठ घालून घेतलं. अर्ध्या तासाने पुन्हा घेतलं.

"अगं, घाम केवढा आलाय तुला," हे म्हणाले. "डॉक्टरकडे जाऊया."

"मे महिन्यात घाम नाही येणार तर काय बर्फ पडणार?" मी म्हणाले. "पित्त आहे. उलटी झाली की मोकळं वाटेल."

शेजारच्या काकूंनी आवळासुपारी दिली, ती खाल्ली. साडेअकराला न्हाणीघराच्या दारात गुडघ्यांतलं बळच गेलं, तेव्हा माझा मुलगा निखिल बँकेतून धावत आला आणि मला रिक्षात घातलं.

कार्डिओग्रामची पट्टी बघून डॉक्टरांनी विचारलं, "कधीपासून होतंय?"

"सकाळी साडेसात."

"आणि काय घेतलंत?"

"आगळ."

त्यांनी चष्मा काढला. "या आठवड्यात आगळ पिऊन आलेल्या तुम्ही दुसऱ्या," ते म्हणाले आणि मला आत न्यायला सांगितलं. माझे चार तास वाया गेले होते. बायकांचा झटका बऱ्याचदा असा चोरपावलांनी येतो, हे मला नंतर कळलं. वाचणाऱ्या बायांनो, आगळ सोलकढीत घाला. छातीत असं झालं तर घड्याळ बघा आणि निघा.

पाच दिवस

हॉस्पिटलात दिवस पहाटे पाचला सुरू होतो. अंग पुसणं, सुई, पट्टी, गोळ्या, मग पाणचट चहा. डोक्याशी यंत्र टुकटुक करत असतं. त्या यंत्रावरून माझी नजर हलत नसे. एक ठोका उशिरा पडला की वाटे, संपलं.

भीती तर होतीच, पण तिच्या शेजारी हेवा ठाण मांडून बसला होता. पलीकडच्या खाटेवरच्या बाईंना माझ्याआधी घरी सोडलं, मला त्यांचा हेवा वाटला. हे खुर्चीत बसून घोरत, त्यांच्या त्या बिनधास्त घोरण्याचा हेवा वाटला. जिना धावत चढणाऱ्या वॉर्डबॉयच्या पायांचासुद्धा. एक चांगली गोष्ट आठवते. संगमेश्वरकडची एक नर्स होती. तिने तिसऱ्या दिवशी काही न विचारता माझ्या केसांना तेल लावलं आणि घट्ट वेणी घातली. त्या दहा मिनिटांत मला कुणाचाही हेवा वाटला नाही.

चौथ्या दिवशी दारात वैनी. एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात छत्री, कपाळावर घामाचा टिपूस नाही. लिफ्ट बंद होती, तीन मजले चढून आल्या होत्या.

"काय गो सुनंदा, काय करून घेतलंस ह्ये?" म्हणाल्या आणि माझ्या पायांवरून हात फिरवू लागल्या. "घाबरू नको. मी आली हाय. तू उठून चालायला लागंपर्यंत मी काय जात नाय."

मी भिंतीकडे तोंड केलं. लोकांना वाटलं, भरून आलं असेल. मी त्यांचा श्वास ऐकत होते. तीन मजले चढूनही तो अगदी सावकाश चालला होता.

यंत्रावरची चाल आणि अंगणातली

घरी आल्यावर खरं आजारपण सुरू होतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. हॉस्पिटलात निदान यंत्र तरी असतं. घरी मी पाणी प्यायला उठले तरी मनगट धरून नाडी मोजत बसे. ह्यांना वाटे मी हलूच नये. निखिलला वाटे मी रोज थोडं तरी चालावं. दोघांची माझ्यावरून भांडणं होत आणि वैनी मधे काहीबाही रांधून दोघांची तोंडं बंद करत. घर त्यांच्या हातात गेलं होतं. माझ्याच स्वयंपाकघरातले डबे त्यांनी हलवले, मीठ कुठे आहे हे मला त्यांना विचारावं लागे. आजाऱ्याची सेवा झाली तरी तो असा चिडतो, हे घरच्यांनी लक्षात ठेवावं.

महिन्याने व्यायामासाठी मला फिजिओथेरपिस्टकडे पाठवलं. सोबतीला वैनी येत. मुग्धा नावाची तिशीतली हसरी मुलगी. तिने मला चालायच्या पट्ट्यावर उभं केलं. पट्टा सरकू लागला आणि मी दांडा धरून ओरडलेच. पायाखालची जमीन जाते आहे असं झालं. दुसऱ्या खेपेला तेच. तिसऱ्या खेपेला मी पट्ट्यावर पायच ठेवला नाही.

"मग तुम्हाला काय आवडतं?" मुग्धाने विचारलं. "सायकल? बागकाम? नाच?"

"नाच?" मी म्हणाले. "आमच्या घरात तो शौक ह्यांना आहे," आणि वैनींकडे बोट केलं. मला टोमणा मारायचा होता.

वैनींना टोमणा कळला की नाही देव जाणे. त्या उठल्या, पदर खोचला. "शौक कसला बाय, गौरीचा फेर हाय तो. दरसाल धरतो आमी बायका." आणि तिथेच, त्या खोलीत, त्यांनी गाणं धरलं. गौर माहेराला येते आहे, वाटेत नदी लागते, ती नदीला वाट मागते, असं काहीसं. दोन पावलं पुढे, एक मागे, वाकून टाळी, पुन्हा दोन पुढे. बाहेर ताटकळलेले दोन पेशंट दारात येऊन उभे राहिले.

माझी नाडी बघताना मुग्धाने गंमत म्हणून वैनींचीही मोजली होती. नाच थांबल्यावर पुन्हा मोजली, मग मिनिटभराने पुन्हा. "अहो, किती पटकन खाली आली! हे हृदय बघा सुनंदाताई. असं हवं."

मला त्या मुलीच्या कानाखाली वाजवावीशी वाटली.

तिने डॉक्टरांना विचारलं. डॉक्टर म्हणाले, गिरकी नको, फुगडी नको, उड्या नकोत. हळू लयीतला फेर दहा मिनिटांपासून सुरू करा, गोळ्या एकही चुकवायची नाही. अशा रीतीने माझी जाऊ माझं औषध झाली.

माझं आणि फेराचं जुनं वाकडं होतं. लग्नानंतरच्या पहिल्या गौरीला मला गावच्या घरापुढच्या खळ्यात ओढलं होतं. मी शहरातली, शिक्षकाची मुलगी. पाऊल चुकलं, मागच्या बाईच्या पायावर पडलं, दोघी आपटलो. सगळ्या बायका हसल्या आणि सर्वांत मोठ्याने वैनी हसल्या. तेव्हापासून मी गौरीला खुर्ची घेऊन ओटीवर बसायची आणि हे सगळं किती गावंढळ आहे अशा चेहऱ्याने बघायची. नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय.

आता रोज सकाळी साडेसहाला आमच्या पुढच्या अंगणात, पाऊस असला तर पडवीत, दोघींचाच फेर चाले. वैनी गात, मी पावलं टाकी.

"तोंड उघड गो," त्या रोज म्हणत. "मी एक ओळ बोलली की तू तीच बोल. तोंड मिटून फेर धरीत नायत."

"मला आवाज नाही, वैनी. पावलं शिकवा."

"आवाज कोण मागतो हाय? तोंड उघड."

मी नाही उघडलं. ती गाणी गावच्या बोलीतली. सगळी नोकरी मी शुद्ध बोलण्यात घालवलेली, शेजाऱ्यांनी ऐकलं तर काय म्हणतील? आणि एक याहून खरं कारण होतं. त्यांच्या मागून ओळ म्हणायची म्हणजे मान्य करायचं की त्या गुरू आणि मी शिष्या. पावलं मी मुकाट्याने घेत होते, ओळ घ्यायला मी तयार नव्हते.

तरीही तीन आठवड्यांत फरक पडला. मी जिन्यावर थांबत नव्हते. रात्री नाडी मोजायचं विसरू लागले. एके दिवशी भाजी निवडताना लक्षात आलं की सकाळपासून मला हृदय आहे हेच आठवलं नव्हतं. मुग्धा खूश झाली, आणि पुन्हा म्हणाली, "वैनींची मात्र कमाल आहे हं."

गच्चीवर

पुढच्या तपासणीला दहा दिवस होते. मी ठरवलं, या खेपेला ती मुलगी "सुनंदाताईंची कमाल" म्हणेल.

आषाढातली दुपार होती. हे कामाला बाहेर गेले होते, वैनी मासळी आणायला बाजारात. आमच्या गच्चीवर पत्र्याची शेड आहे. मी मोबाईल घेऊन वर गेले आणि कुठल्याशा नाचमंडळाचं ढोलकीवरचं गाणं लावलं. तरण्या पोरांच्या नाचासाठी वाजवलेलं, चांगलं दणदणीत. त्या लयीवर मी फेर धरला. ओठ मिटून, दात आवळून. गाणं संपलं की पुन्हा लावी. दहा मिनिटं, वीस मिनिटं, मग मी घड्याळ बघणंच सोडलं. मला दिसत होतं ते मुग्धाचं तोंड आणि तिच्या मागे उभ्या वैनींचं पडलेलं तोंड. खरं सांगते, तशी मजा मला आजारात एकदाही आली नव्हती.

मग पत्र्याची शेड एका अंगाला कलली. डोळ्यांपुढे काळोखी आली. मी खांब धरला, तो हातातून सुटला.

डोळे उघडले तेव्हा वैनींच्या मांडीवर माझं डोकं होतं. शेजारी कोलंबीची पिशवी सांडली होती आणि मोबाईलवर ढोलकी वाजतच होती. वैनींनी मोबाईलकडे पाहिलं, मग माझ्याकडे. त्यांना सगळं कळलं. मोबाईल बंद कसा करायचा ते त्यांना येत नव्हतं, म्हणून तो पदराखाली दाबून धरला आणि शेजाऱ्यांना हाका मारल्या.

पुन्हा हॉस्पिटल, पुन्हा पट्ट्या. स्प्रिंग शाबूत होती. रक्तदाब खाली गेला होता, ठोके बिघडले होते, दोन दिवस ठेवून घ्यायचं ठरलं. मला चाकाच्या खुर्चीतून वॉर्डात नेत असताना निखिल बँकेतून आला. भीतीने त्याचा चेहरा पांढरा पडला होता.

"कसं झालं?"

"गच्चीवर नाचत व्हती," वैनी म्हणाल्या.

"गच्चीवर? काकी, तुम्हाला दहा मिनिटं सांगितली होती ना? आईला नाचवून नाचवून मारायचीय काय तुम्हाला? तुमचं ठीक आहे हो, तुम्हाला काही होत नाही!"

सगळा व्हरांडा बघत होता. वैनींनी माझ्याकडे एकदा पाहिलं. मला बोलता येत होतं. श्वास होता, शुद्ध होती, जीभ जाग्यावर होती. "निखिल, मी एकटी होते, वैनी घरात नव्हत्या," एवढंच वाक्य होतं. मी डोळे मिटून घेतले.

का? लाज वाटली म्हणून, हे एक. पण दुसरंही होतं. लग्न झाल्यापासून पहिल्यांदा कुणीतरी वैनींना बोलत होतं आणि ते ऐकायला मला बरं वाटलं. आजारपणातली ही सर्वांत घाण गोष्ट आहे आणि ती लिहिल्याशिवाय हे लिहिण्यात अर्थ नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने वैनी गावी गेल्या. मी घरी आले तेव्हा डबे पुन्हा माझ्या जुन्या जागी लावलेले होते.

मुग्धाचा प्रश्न

मी फोन केला नाही. त्यांनीही केला नाही. फेर बंद झाला. मी घरातल्या घरात भिंतीला हात लावून चालू लागले, रात्री पुन्हा नाडी धरून बसू लागले. ह्यांनी दोनदा विचारलं, "वैनीला फोन लावू काय?" मी म्हटलं, नको, शेतीची कामं असतील.

तपासणीला मुग्धाने सगळं विचारून घेतलं. तिला मी खरं सांगितलं, परक्या माणसाला सांगणं सोपं जातं.

"गात होतात का?" तिने विचारलं.

"नाही. मोबाईलवर गाणं होतं."

"तुम्ही. तुम्ही स्वतः गात होतात का?"

"नाही."

"मग तो फेर नव्हता, सुनंदाताई. ती नुसती धावपळ." ती माझ्यासमोर स्टुलावर बसली. "गाता येतंय म्हणजे श्वास पुरतोय. ओळ तुटायला लागली की पावलं आपोआप सावकाश होतात. मी पेशंटांना सांगते, बोलता येईल इतक्याच वेगाने चाला. तुमच्या वैनींच्या फेरात ते आधीच आहे. एकीने ओळ म्हणायची, तोवर दुसरीने दम खायचा. त्या तुम्हाला हे बोलल्या नाहीत?"

रोज बोलल्या होत्या. रोज सकाळी साडेसहाला, न कंटाळता. चौथी शिकलेल्या बाईने मला माझ्या जिवाचा लगाम हातात दिला होता आणि मी तो शुद्ध भाषेच्या तोऱ्यात टाकून दिला. मला रडू यायला हवं होतं. मला आधी राग आला, की हेही त्यांनाच माहीत! सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात तो असा.

खळ्यात

गौरीला गावी जायचं की नाही यावर आमच्या घरी आठवडाभर खल झाला. डॉक्टरांनी परवानगी दिली, निखिल गाडी चालवणार होता. वाटेत तो दोनदा म्हणाला, "आई, तू फक्त बसून राहायचंस हं."

वैनींनी आमचं सगळं नेहमीसारखं केलं. पाणी दिलं, माझ्यासाठी बिनसाखरेचा चहा वेगळा ठेवला, भाजीत मीठ कमी घातलं. पण माझ्याशी बोलणं कामापुरतं. निखिलशी तेवढंही नाही. तो समोर आला की त्या पदर सावरून आत जात.

पूजेच्या दिवशी दुपारी जेवणं आवरल्यावर वाडीतल्या बायका खळ्यात जमल्या. पावसाने उघडीप दिली होती, सारवलेली जमीन जेमतेम वाळली होती. पुरुष ओटीवर बसले, त्यांत हे आणि निखिल. मलाही खुर्ची ठेवलेली होती. मी खुर्चीपाशी गेले आणि तिला वळसा घालून खळ्यात उतरले. वैनींच्या डाव्या हाताला जागा होती, तिथे उभी राहिले.

वैनींनी दोन्ही हात मागे घेतले.

"मी नाय तुजा हात धरीत," त्या सगळ्यांसमोर म्हणाल्या. "तुना काय झालं तर परत माज्या डोक्यावर. एकदा ऐकलंय मी. बास झालं."

कुणीतरी म्हणालं, "ऱ्हावंदे गो, बसंल ती." मला खुर्ची दिसत होती. परत जाऊन बसणं सोपं होतं, कुणी काही म्हटलं नसतं. पण मग मी जन्मभर भिंतीला हात लावून चालले असते, आणि ही बाई माझ्या मुलासमोरून जन्मभर पदर सावरून आत गेली असती.

"वैनींनी मला नाचवलं नव्हतं," मी म्हणाले. "मी त्यांच्या चोरून गच्चीवर नाचले. त्या बाजारात होत्या. त्यांनी मला उचललं, मला वाचवलं, आणि बोलणी त्यांनी खाल्ली."

"ह्या बायांना काय सांगतंस?" वैनी म्हणाल्या. "मना ठावं हाय, त्यांना काय करायचाय? ज्येला सांगायचाय त्येला सांग."

मी ओटीकडे वळले. हेही उठून उभे राहिले होते. "निखिल," मी म्हणाले, "तू काकींना ओरडलास तेव्हा मी जागी होते. मला बोलता येत होतं. मी मुद्दाम गप्प बसले."

निखिल माझ्याकडे बघतच राहिला. लहानपणी मी त्याचा खोटेपणा पकडायची तेव्हा तो असा बघे. मग तो ओटीवरून उतरला, माझ्या बाजूने सरळ पुढे गेला आणि वैनींच्या पायांवर त्याने डोकंच ठेवलं. नुसता हात लावून नमस्कार नाही, डोकं ठेवलं. वैनींनी त्याला उठवलं, त्याच्या केसांतून हात फिरवला आणि रडल्या. "येडा रे," म्हणाल्या. "आयस मरते असा वाटला मंग माणूस बोलतोच."

हे सगळं मी तीन हातांवरून पाहत होते. मी स्वतः घडवून आणलं होतं, बरोबरच होतं. आणि तरी तो जुना हेवा पुन्हा वर आला. माझ्या मुलाने माझ्या पायांवर असं डोकं कधी ठेवलं नव्हतं.

वैनींनी डोळे पुसले आणि हात पुढे केला. मी तो धरला. खरबरीत आणि उबदार होता.

"आता काय झाला?" माझ्या तोंडाकडे बघत त्या म्हणाल्या. "चेहरा कशाला पाडतंस? छातीत दुखतंय काय?"

"नाही," मी म्हणाले. आज सगळं सांगतेच आहे तर हेही. "मला तुमचा हेवा वाटतो, वैनी. लग्न झाल्यापासून वाटतो. आत्तासुद्धा वाटतोय."

त्या जरा विचारात पडल्या, भाव करताना पडतात तशा. मग माझा हात घट्ट धरून त्यांनी पहिलं पाऊल टाकलं.

"वाटूदे की," त्या म्हणाल्या. "फेर धरायला तो काय आड येतोय?"